आपण स्कीइंगला जातोय

"बाबा, सॅटरडेला आपण स्कीइंगला जातोय. दुबईला." मंगळवारी फोनवर माझी मुलगी एवढंच म्हणाली. मागून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला. मी हमरियातल्या आमच्या गोदामात हातात पॅकिंग लिस्ट घेऊन उभा होतो. पन्नाशी ओलांडलेला, जिना चढताना गुडघ्याला हात लावणारा माणूस मी. बर्फ म्हटलं की मला फ्रीजमधला ट्रे आठवतो. पण खोटं कशाला सांगू, इतका आनंद झाला की पुढची पाच मिनिटं मी ती लिस्ट उलटी धरून वाचत होतो.

आमच्या घराची तऱ्हा आधी सांगायला हवी. बायको अबुधाबीला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलीची शाळाही तिथलीच. माझी नोकरी शारजाच्या पार टोकाला, हमरिया फ्री झोनमध्ये, पाइप आणि व्हॉल्व्हच्या गोदामात. रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नाही, म्हणून मी शारजात एका खोलीत राहतो. आठवड्याचे सहा दिवस काम, शनिवारी संध्याकाळची बस पकडून अबुधाबी, रविवारी परत. तात्पुरती सोय, असं सुरुवातीला आम्ही म्हणायचो. त्या तात्पुरत्या सोयीला नऊ वर्षं झाली.

मुलीच्या बारावीत तर तो रविवारही हातचा गेला. दुपारी बारापर्यंत ती झोपलेली, उठली की दार लावून अभ्यास, जेवताना कानात इअरफोन. मी मराठीत विचारायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. फाइन. ओके. नथिंग. ऑगस्टमध्ये ती शिकायला नेदरलँड्सला जाणार होती, आणि मला कधीपासून वाटत होतं की त्याआधी एक दिवस, एक अख्खा दिवस हिच्याबरोबर मिळावा. बाकी काही नको. पण हे बोलायचं कसं? बापासाठी जरा वेळ काढ गं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आणि आता पोरीने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं.

बायको तेव्हा पुण्यात होती, तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. मुलगी दहा दिवस एका मैत्रिणीच्या घरी राहत होती. त्यामुळे खुलासा करून घ्यायला मध्ये कोणी नव्हतं, आणि मला तरी खुलासा हवा होता कुठे? गुरुवारी मी फक्त मेसेज टाकला, "शनिवारी किती वाजता?" उत्तर आलं, "अराउंड ट्वेल्व्ह." झालं तर मग.

सुट्टी मागायला साहेबांकडे गेलो. साहेब केरळचे, हिंदी जपून बोलतात. "किसलिए?" म्हणाले. "बेटी के साथ स्कीइंग," म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आप?"

"हां, मैं. क्यों?" माझा आवाज चढला. मी तसा पटकन तापतो, घरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी मुकाट सही केली, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गोदामाला बातमी लागली. फोर्कलिफ्ट चालवणारा पठाण मला बघितलं की दोन्ही हात पसरून घसरल्याची नक्कल करायचा. कर म्हटलं लेका. कामावरून आल्यावर मी मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ लावून, मोजे घालून, खोलीतल्या फरशीवर सराव करत होतो. गुडघे वाकवा, वजन पुढे घ्या, पायांकडे बघू नका. दोनदा कपाटावर आदळलो. तिच्यासमोर फजिती व्हायला नको, एवढीच माझी इच्छा होती.

शनिवारी सकाळी बसने निघालो. शारजा संपून दुबई सुरू होते त्या जागेला इथे सगळे बॉर्डरच म्हणतात. ना चौकी, ना पासपोर्ट, नुसती गाड्यांची रांग. ती अबुधाबीकडची बॉर्डर ओलांडून येणार, मी इकडची. जून महिना, बाहेर रस्ता तापून नुसता लकलकत होता, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत लोकरीचे हातमोजे आणि कानटोपी. शेजारच्याने पिशवीत डोकावून विचारलं, "गाँव जा रहे हो, भाई?" "नहीं, बेटी के साथ बर्फ में," मी म्हणालो. पुढचं सगळं मग त्याने न विचारताच मी सांगून टाकलं. बिचारा उतरेपर्यंत ऐकत होता.

मॉलमधल्या त्या बर्फाच्या हॉलसमोर मी अकरालाच हजर. आत केवढा तरी पांढरा उतार, वरून लोंबत जाणाऱ्या पाळण्यांची लिफ्ट, आणि बाहेर काचेला नाक लावून आइस्क्रीम खाणारे लोक. मुलीला स्की येतं, शाळेच्या सहलींत शिकली आहे. म्हणून मी माझ्यापुरतं साडेबाराच्या शिकाऊ वर्गाचं तिकीट काढलं. तासाभरात शिकू, मग तिच्याबरोबर वर जाऊ, असा माझा बेत. भाड्याचं जाकीट चढवलं, भाड्याचे बूट घातले. बूट कसले, सिमेंटच्या बादल्या. त्या बादल्यांत पाय अडकवून मी दाराशी उभा राहिलो.

बाराला ती आली. बरोबर चार मैत्रिणी, वर्गातली दोन मुलं, आणि मागून एका मैत्रिणीची आई. सगळे हसत, एकमेकांना ढकलत येत होते. मी हात वर केला. ती थांबली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण पुढे काही सरकेना.

"बाबा? व्हॉट आर यू डूइंग हिअर?"

एका क्षणात सगळं कळलं मला. मराठीत "आपण" म्हणजे मी आणि माझ्याबरोबर तूसुद्धा. "आम्ही" म्हणजे तुला सोडून. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण या पोरीचं डोकं इंग्लिशमध्ये चालतं, आणि तिथे दोन्हींना मिळून एकच "वी". लहान होती तेव्हा फोनवर सांगायची, "बाबा, आज आपण शाळेत हत्ती काढला." मागून बायको दुरुस्त करायची, "आम्ही म्हण, आम्ही! बाबा होता का शाळेत?" आणि मीच आड यायचो. राहू दे गं, किती गोड बोलते. दिवसभर लोखंडात राहिलेल्या माणसाला असं कोणी म्हटलं की तो शाळेत जाऊन हत्ती काढून यायचा. तिला तो शब्द मी लाडाने बिघडवून दिला होता, आणि त्याच शब्दाच्या भरवशावर सुट्टी काढून, कानटोपी घालून उभा होतो. कप्पाळ माझं!

"अगं, ऑफिसची पिकनिक," माझ्या तोंडून निघून गेलं. "सगळे आलेत आमचे. आत गेले पुढे."

"ओह! सो दॅट्स व्हाय यू आस्क्ड द टाइम!" तिने श्वास सोडला. तो सुटलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. "नाइस, बाबा. एन्जॉय!" आणि ती मैत्रिणींबरोबर जाकीट घ्यायला पळाली.

तिकीट काढलेलं होतं, आता निघून गेलो तर पिकनिकचं बिंग फुटणार. म्हणून वर्गाला गेलो. वर्गात दोन रशियन भावंडं, आठ आणि सहा वर्षांची, आणि मी. शिकवणारा नेपाळचा, तिशी उलटलेला. त्याच्या गावाहून हिमालय दिसतो, पण स्की करायला तो या वाळवंटात येऊन शिकला, असं त्यानेच सांगितलं. थांबायचं असेल तर पायांखालच्या स्कीच्या दोन्ही पट्ट्या पुढून जवळ आणि मागून लांब करायच्या, पिझ्झ्याच्या तुकड्यासारख्या. "अंकल, पिझ्झा! पिझ्झा करो, पिझ्झा!" तो ओरडायचा, आणि मी सरळ जाऊन जाळीत. उठायचं म्हणजे आणखी निराळं दिव्य. एक पट्टी पूर्वेला, दुसरी पश्चिमेला, मी मध्ये गुडघ्यांवर, आणि ती सहा वर्षांची पोरगी मला हात द्यायला उभी.

डोक्यावरून लिफ्टचे पाळणे जात होते. एकात ती दिसली, शेजारच्या मैत्रिणीशी बोलत होती. मी हात हलवला. तिने पाहिलं की नाही, कळलं नाही.

एकदा मात्र जमलं. वीसेक पावलांचा उतार मी न पडता आलो आणि खाली पिझ्झा करून बरोब्बर थांबलो. थांबल्याबरोबर मागे वळून पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. शिकवणारा वाकून त्या मुलाच्या बुटाचं बक्कल लावत होता. बाकी कोणाचंच लक्ष नव्हतं. नऊ वर्षं एका खोलीत काढली मी, पण इतकं एकटं तिथेही कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीचं म्हणून पुसून टाकलं.

तास संपला तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. पण पाय निघेना. खालच्या कॉफीच्या टपरीजवळ रेंगाळलो, आणि नेमकी तीच मंडळी हातात हॉट चॉकलेटचे कप घेऊन तिथे आली. "अंकल, एक फोटो प्लीज?" एका मैत्रिणीने फोन पुढे केला. मी हातमोजे काढले. बोटं गारठून कडक झाली होती. स्क्रीनमध्ये माझी मुलगी बरोबर मधोमध, टोपी वाकडी, नाक लाल, तोंड उघडं टाकून हसत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. किती सुंदर दिसत होती! एकच फोटो मागितला होता, मी सहा काढले.

मैत्रिणीच्या आईने माझ्या हातातून फोन घेतला. "भाईसाहब, अब आप भी आइए बच्चों में. और खाना हमारे साथ ही खाइए."

मी एक पाऊल टाकलंसुद्धा होतं.

"नो आंटी, हिज ऑफिस पीपल आर वेटिंग फॉर हिम," मुलगी म्हणाली. माझ्याकडे न बघता, कपात फुंकर मारत.

"हो, हो, वाट बघत असतील," मी म्हणालो. आंटींना मराठी कळत नाही हेही सुचलं नाही. नुसती मान डोलावली आणि जे लोक आलेच नव्हते त्यांच्या दिशेने चालू लागलो.

पाचच्या बसमध्ये बसलो. अंगातली थंडी अजून गेली नव्हती. फोन वाजला. तिचा मेसेज, "हाउ वॉज युवर पिकनिक?" आता काय लिहू? लिहिलं, साहेब पहिल्याच उतारावर बसले ते उठायलाच तयार नाहीत. तिकडून हसून लोळणारे चेहरे आले. "रिअली? देन?" मग मला चेव चढला. पठाण आरडाओरडा करत उलटा खाली आला म्हटलं. अकाउंट्सवाल्याचा एक बूट निघेचना, तो तसाच जेवायला बसला म्हटलं. ती विचारत होती, मी रचत होतो. वर्षभरात आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं. बस ट्रॅफिकमध्ये तशीच उभी होती आणि ती उभीच राहावी असं मला वाटत होतं.

आणि मग आलं, "बाबा, आय सॉ यू फ्रॉम द लिफ्ट. यू वेअर अलोन. देअर वॉज नो ऑफिस."

डोकं सणकलं. "मग आली का नाहीस?" असं मी लिहिलं. बोट पाठवायच्या बटणावर होतं. पुसून टाकलं. मग नऊ वर्षांत जे बोललो नव्हतो ते लिहिलं, "मला तुझ्याबरोबर यायचं होतं गं."

दोन निळ्या खुणा उमटल्या. ती काहीतरी टाइप करत होती, थांबली, पुन्हा करू लागली, पुन्हा थांबली. शेवटी आलं ते एवढंच.

"आय नो, बाबा."

म्हणजे हॉट चॉकलेटचा कप हातात घेऊन, माझ्याकडे न बघता, ऑफिसचे लोक वाट बघतायत असं आंटींना सांगितलं, तेव्हाही तिला माहीत होतं.

"बरं बाळा, जेवून घे नीट," असं लिहून मी पाठवून दिलं.