पहिल्या घावाची रीत

"ए धनगरा, पैला घाव तू घाल. आमास्नी पोरंबाळं हायत."

तात्या असं म्हणाले तेव्हा मी बापाच्या शेजारी उभी होते. त्याचं बोट धरून. म्हणजे माझ्या बापालाही पोर होतं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण कुणाला दिसलं नाही.

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचा धनगरवाडा. खाली गाव. मधे देवाची राई. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. आत जायचं तर चपला बाहेर काढून. जो पहिली कुऱ्हाड चालवेल त्याच्या घरावर देव कोपतो, असं अख्खं गाव मानायचं. तात्या गावातले मोठे बागायतदार, राईची जमीन त्यांच्या घराण्याच्या नावावर. त्यांना वरची निम्मी राई तोडून ऊस करायचा होता. मजूर जमले, कुऱ्हाडी आल्या, नारळ फुटला. आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत थांबले. मग त्यांना माझा बाप आठवला.

बापानं हात जोडले. नको म्हणाला. तात्या हसले.

"तुमचं काय जायाचं हाय रं? डोंगरात ऱ्हाताय, डोंगरात मरताय."

त्यावर सगळेच हसले. उन्हाळ्यात आमची म्हसरं तात्यांच्या विहिरीवर पाणी प्यायची. नाही म्हणायची सोय नव्हती. बापानं माझं बोट सोडलं आणि कुऱ्हाड घेतली. जांभळीच्या बुंध्यावर एक घाव. झालं. मग मात्र सगळ्यांच्या अंगात बळ आलं. दिवस मावळेपर्यंत राईतनं आभाळ दिसायला लागलं.

बाप त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. पण उजव्या हातानं त्यानं आम्हाला पुन्हा घास भरवला नाही. म्हशीचं नवं रेडकू त्या हातानं धरलं नाही. माझ्या लग्नात अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा तो मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. धाकटा भाऊ गेला त्या दिवशी आईनं नुसतं बापाच्या हाताकडं बघितलं. ती नजर माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. भाऊ तापानं गेला, दवाखाना लांब होता म्हणून गेला, हे मला कळतं. तरी घरी लाकडं फोडायला बसले की पहिल्या घावाला मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं. वळून बघते. कुणी नसतं.

ऊस झाला. काही वर्षं ट्रॉल्या भरभरून बिद्रीच्या साखर कारखान्याला गेल्या. मग पावसात वरची माती सुटून खालच्या भाताच्या खाचरांत आली. राईखालचा झरा शिमग्यालाच आटायला लागला. निम्म्या खाचरांत आता नुसतं गवत आहे. मी गावच्या शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवायची. पोत्यातनं आलेला बाहेरचा तांदूळ. ज्यांच्या आज्यानं पिकवलेला भात पाहुण्यारावळ्यांनाही पुरायचा, ती पोरं ताटली घेऊन रांगेत बसायची. वाढताना मला बघवायचं नाही.

तात्या गेले. खालची निम्मी राई राहिली. झऱ्याला जे काही पाणी उरलंय ते तिच्यामुळं. यंदाच्या उन्हाळ्यात तात्यांच्या मुलानं तीही तोडायचं काढलं. शिकलेला आहे, शेतीची पदवी आहे. ग्रामसभेत म्हणाला, "जगात खाणारी तोंडं वाढायला लागल्यात. त्यास्नी कोण घालणार खायला? ही झाडं?"

लोक हसले. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. झरा गेला की उरलेला भातही गेला, हे त्याला कळत नाही असं नाही. त्यानं स्वतःपुरतं बोअर मारून घेतलंय, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला घरी बोलावलं. सोप्यात बसवलं. चहा दिला. पुढ्यात खणानारळाचं ताट ठेवलं.

"मावशी, तुमच्या बाच्या हातनं झालतं. आता तुमी नुसती कुऱ्हाड टेकवा. बाकीचं मशीन करतंय. रीत हाय की ती आपली."

रीत! एका माणसाला सगळ्यांदेखत पुढं ढकललं, आणि एका पिढीत त्याची रीत झाली. तेव्हा मला लख्ख कळलं. ही माणसं देवाला मानत नाहीत असं अजिबात नाही. आमच्याइतकंच मानतात, आमच्यापेक्षा जास्त भितात. फक्त देवाचा कोप पडायला त्यांना आमचं घर लागतं.

मी ताट मागं सारलं.

"देव कोपंल असं वाटतंय न्हवं तुला?"

त्यानं ताट परत माझ्याकडं सरकवलं.

"मग तू घाल की घाव. तुझ्या हातानं. मला बी पोरंबाळं हायत."

त्याचं तोंड कडू झालं. शाळेची समिती त्याच्याच हातात. "उद्यापास्नं शाळंत येऊ नगासा," म्हणाला. मी उठून आले. घरी येऊन रडले. कामासाठीच रडले, खोटं कशाला बोलू?

आता बाहेरनं मशीन येणार म्हणतात. ड्रायव्हर परमुलखातला. गावातला एकही गडी त्या मशीनवर बसायला तयार नाही, म्हणून बोलावलाय. येऊ दे. मी राईच्या वाटेत उभी राहणार. त्याला आधी विचारणार, बाबा, तुझ्या घरी कोण कोण आहे? मग सांगणार, पहिला घाव ह्यांनी तुझ्याकडनं का मागितलाय. एवढं ऐकूनही त्यानं मशीन चालू केलं, तर ते माझ्या अंगावरनं न्यावं लागेल. ह्या कामाला आमच्या घरातला हात मिळणार नाही. आणि दुसऱ्या कुठल्या गरिबाचाही मी मिळू देणार नाही.