आतोबांचं सोनं

सोन्याचं एवढं वेड असलेला आणि बायकोला गुंजभर सोनंही न केलेला माणूस अख्ख्या बोईसर-तारापूर पट्ट्यात एकच झाला, तो म्हणजे आमचे आतोबा. बोईसरला त्यांची रक्त तपासायची छोटी लॅब होती. नव्वदीच्या अखेरीस तिथे डेंग्यू ओळखणारी पट्टी आली आणि आतोबा कामातून गेले. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा; एक लाल रेघ उमटली तर ठीक, दोन उमटल्या तर डेंग्यू. "ही लाली सोन्याची बरं का! सोनं डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक केलं की पिवळं राहत नाही," हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत, एसटीत आणि एकदा चक्क सोनाराच्या पेढीवर बसून सांगितलं. रेघ उमटेपर्यंत लॅबमधला पंखा बंद आणि बोलणंही बंद, मग पेशंट घामाने का निथळेना! आतेने पाटल्या मागितल्या तेव्हा हे पट्टी घेऊन आले. "घे, अस्सल सोनं!" आतेने अबोला धरला, पण यांना तो कळलाच नाही, कारण घरात एरवीही बोलायचे तेच.

एका नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दांडी गावच्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सकाळी त्याचा ताप उतरला आणि समुद्राला नारळ देऊन हा गडी मासेमारीला निघालासुद्धा. बादलीतलं पाणी हललं तरी ज्यांना मळमळायचं ते आतोबा पांढऱ्या कोटासकट त्याच्या होडीत जाऊन बसले.

"भाऊ, ताप गेला, मी बरा हाय. उतरा खाली."

"ताप उतरल्यावरच हा आजार दगा देतो. जायचंच असेल तर मला घेऊन चल."

"तुमी दर्यात काय करनार?"

"ओकेन. तुझ्या जाळ्यावर!"

किनारा हसला, तांडेल संतापला. मोसमाची पहिली फेरी, बाकीच्या होड्या दिसेनाशा झालेल्या. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "तुमीच उतरा. ते काय उतरायचे नाय." संध्याकाळी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तो भर समुद्रात नव्हता, पालघरला दवाखान्यात होता. म्हणून वाचला. हा माणूस माझा आतोबा आहे, हे मी त्यानंतर ओळख नसलेल्यांनाही सांगत सुटलो.

तेव्हापासून तांडेल दर नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ समुद्राआधी लॅबमध्ये आणायचा. आतोबा कागद नखाने खरवडून म्हणायचे, "पिवळं आहे, म्हणजे अजून जाडंभरडं आहे."

आतोबा गेले, लॅब बंद झाली. पुढच्या नारळी पौर्णिमेला तांडेल नारळ घेऊन चिंचणीला आतेच्या घरी आला, तेव्हा मीही तिथेच होतो. तिने नारळ टेबलावर ठेवला, उठून पंखा बंद केला आणि आम्ही तिघंही घामाने निथळत गप्प बसून राहिलो.