मागे ढकललेली विंडो

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. संघटनेतल्या पोरांच्या नाही, घरच्यांच्या नाही. तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही.

मी पत्रकं लिहितो. लातुरात कुठं 'जबाबदार कोण?' असं लाल अक्षरात दिसलं, तर ते बहुतेक माझंच. खाली नाव संघटनेचं. पोट मात्र नोकरीवर — एका बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्या शाखा चालवणाऱ्या मोठ्या संगणकावर, नजर ठेवायची. एकाच पडद्यावर पाच-सहा विंडो उघड्या. कुठलं काम चाललंय, कुठलं अडलंय, कुठली शाखा तुटलीय. आणि एक इशाऱ्यांची. ती लई कटकटी, बारीकसारीक गोष्टीलाही टुंग करणार. मागे ढकलली तर ती बंद पडत नाही — चालूच असते, फक्त दिसत नाही. म्हणून आमच्यात रिवाज आहे: खुर्ची सोडताना सगळ्या विंडो पुढे आणून ठेवायच्या. पुढचा माणूस तुमच्या पडद्यावर भरवसा ठेवून बसतो.

त्या सकाळी डोक्यात पत्रक जुळत होतं. मी आवाज बंद केला, इशाऱ्यांची विंडो मागे ढकलली. दुपारी महादेवीअक्का आली — उदगीरची, माझ्याहून मोठी, मला काम शिकवणारी. शिफ्टची प्रमुख तीच होणार, हे सगळे धरून होते. मी उठलो, निघालो.

विसरलो? — असं लिहून सुटता आलं असतं. जिन्यातच आठवलं मला. वर जायचा कंटाळा आला. आणि फोन? तो तर खिशातच होता.

तासाभरात डिस्क, म्हणजे माहिती साठवायची जागा, भरत गेली. इशाऱ्यांच्या लाल ओळी मागे येत राहिल्या, अक्कासमोर सगळं हिरवंगार. पुरती भरली तशा रेणापूर, जळकोटच्या शाखा ठप्प. बाजाराचा दिवस, माणसं उन्हात उभी.

मग मी काय केलं — पत्रक काढलं! 'लोकांना उन्हात उभं करणाऱ्याची खुर्ची काढा!' लई गाजलं ते. आमच्या साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं. साहेबांनी एवढंच विचारलं, तेव्हा खुर्चीवर कोण होतं?

"मी होते," अक्का म्हणाली. विंडो आपलंच बोट लागून मागे गेली असेल, असं तिला वाटलं. मी तिथंच होतो. पाण्याची बाटली भरायला निघून गेलो.

प्रमुख मी झालो.

खोटं कशाला बोलू — माझं बरं चाललंय. झोप लागते. पत्रकं निघतात, त्यांतला संतापही खरा असतो. शिफ्ट बदलताना अक्का आणि मी सोबत जेवतो. तिची कडक भाकरी, शेंगाची चटणी. जीव लावते ती.

आता कुणाच्याही नंतर बसली की अक्का आधी एकेक विंडो पुढे आणून बघते. पोरं चिडवतात, अक्का, आत कुणी लपलंय का? ती हसते, पण बघते. फक्त माझ्यानंतर बसताना बघत नाही. परवा एका नव्या पोरीनं जेवताना तिला विचारलं, असं का?

अक्का भाकरी मोडता मोडता म्हणाली, "त्याचं बघावं लागत न्हाई. ते पोरगं लई जबाबदार हाय."

आणि अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली. मी घेतली. चटणी त्या दिवशी फार चांगली झाली होती.