चटईखालची सकाळ

सवाई नावाच्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पेनायाच्या चुळबुळीची सगळं गाव थट्टा करी. "ह्याच्या बुडाखाली मुंग्यांचं वारूळ आहे," म्हणत. चर्चच्या वडीलधाऱ्या पंचांपैकी तो एक होता. रविवारी उपासना संपली की मोठ्या माणसांचा बायबलवर्ग घेई आणि शिकवताना येरझाऱ्या घाली. "प्रभू आपल्या जागी उभा राहिला, आपली शिक्षा त्यानं घेतली," एवढं सांगून मात्र तो अडखळे. तरुणपणापासून एक शंका त्याला कुरतडत होती. एकाचा गुन्हा दुसऱ्यानं कसा फेडायचा? शिवाय तो देव होता तर त्याला दुखलं कसं? आणि माणूस होता तर त्याच्या मरणानं आपलं कसं भागलं?

चर्चचे पाळक म्हणत, "तो पूर्ण देव होता, पेनाया, आणि पूर्ण माणूसही. म्हणूनच भागलं."

"पण कसं?"

"अहो, पाळकांना जेवू तरी द्या!" त्याची बायको लुसिया ओरडे.

मग एका शनिवारी पेनायाच्या बहिणीचा मुलगा लाफी रग्बीचा सामना बघून बिअर ढोसून परतत होता. शेजारच्या गावात त्याच्या पिकअपखाली एक म्हातारा आला आणि जागीच गेला. लाफी लेकुरवाळा माणूस. पोलिसांनी त्याला नेलं.

पेनाया घराण्याचा प्रमुख. काय करायचं हे कुणी त्याला सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. गुन्हा घरातल्या कुणाचाही असो, मयताच्या दारात चटईखाली बसून माफी प्रमुखानंच मागायची, ही बेटाची रीत. लुसियानं पेटीतून तिच्या आईनं विणलेली बारीक विणीची चटई काढली आणि झटकायला घेतली.

"दारू त्यानं ढोसायची आणि डोकं मी पुढं करायचं?" पेनाया भडकला.

"दर रविवारी काय शिकवता मग?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

तो घराभोवती फिरत राहिला.

पहाटे सगळं घराणं मयताच्या दारासमोर जाऊन खाली मान घालून बसलं. पुढ्यात सरपण ठेवलं, भट्टीचे दगड ठेवले. भाजून खायचं असेल तर खा, आम्ही तुमच्या हातात आहोत, असा त्याचा अर्थ. पेनाया सर्वांत पुढं बसला आणि लुसियानं त्याच्या डोक्यावरून चटई पांघरली.

आत अंधार होता, खोबरेल तेलाचा वास होता. गुडघे रग लागून बधिर झाले. बाहेर कुणीतरी किंचाळलं, "कुठल्या तोंडानं आलात रे?" एक दगड खांद्यावर बसला. दुसरा येईल म्हणून त्यानं अंग आवळून घेतलं. हलायचं नव्हतं, आणि सगळं अंग तर पळ म्हणत होतं. तो मनातल्या मनात लाफीला शिव्या घालू लागला, ठेवणीतल्या. प्रार्थना करायला गेला तर एकच ओळ सुचली, 'मला इथून काढ.'

ऊन तापलं. घाम डोळ्यांत उतरला आणि त्याला बायबलातली ती बाग आठवली. धरलं जाण्याआधी, त्याच रात्री, प्रभूही तिथं असाच घामाघूम झाला होता, त्यानंही सुटका मागितली होती. वर्गात हा भाग आला की पेनाया जरा ओशाळून भरभर पुढं जाई. आज त्याला पटलं, की प्रभू खराच माणूस होता, माझ्यासारखा भ्यायलेला. पण ज्यांच्यासाठी सोसलं, त्यांना प्रभूनं शिवी घातली नाही. इथं पेनायाची मजल संपत होती आणि प्रभू पुढं जात होता.

पावलं वाजली. चटई उचलली गेली. समोर म्हाताऱ्याची विधवा तालिंगा उभी होती, रडून डोळे सुजलेले.

"गाडी तू चालवत होतास?"

"नाही, माई. पण माणूस माझ्या घरचा."

"माझा म्हातारा परत येणार आहे का?"

"नाही, माई."

"मग ऊठ. रोज सकाळी उठून तुमचा द्वेष करायचं बळ माझ्यात नाही." तिनं त्याला हाताला धरून आत नेलं, कोको दिला. तिचा थोरला मुलगा मात्र उठून बाहेर गेला.

पुढच्या वर्गात पेनायानं सगळं सांगितलं, शिव्यासुद्धा. "मी गेलो, कारण प्रमुख म्हणून जाणं भागच होतं," तो म्हणाला. "प्रभूला कुणी भाग पाडलं नव्हतं."

"मग शंका फिटली का?" एका म्हातारीनं विचारलं.

"अर्धी."

काही दिवसांनी जामिनावर सुटलेला लाफी येऊन पेनायाच्या ओट्याच्या कडेला बसला. लुसियानं पुढं ठेवलेलं ताट त्यानं बाजूला सारलं. "मामा, तुम्ही कशाला बसलात? मला मारलं असतं तर सुटलो असतो."

"'कशाला बसलो' हेच चटईखाली मीही म्हणत होतो."

लाफीला हसू फुटलं आणि मग हुंदकाच आला. "माफ केलंय म्हणतात सगळे. ही माफी घेऊन मी जाऊ कुठं?"

"तालिंगामाईचं तारोच्या कंदांचं शेत तणानं भरलंय."

"पाय उचलत नाहीत, मामा."

"माझेही उचलत नव्हते. चल."

दोघं गेले. तालिंगाचा थोरला मुलगा शेतातच होता. लाफीला पाहताच त्यानं कुदळ टाकली आणि पाठ फिरवून निघून गेला. तो पुढंही कधी लाफीशी बोलला नाही. लाफीनं त्या दिवशी वाकून तण उपटायला सुरुवात केली, आणि खटला उभा राहीपर्यंत तो तिथं जात राहिला.