परदेशी गाडीची खांदेमळणी

आमच्या जिल्ह्यात ती गाडी उघडणारा एक माणूस नाही, हे मी पाच-सहा महिने येईल त्याला सांगत होतो. खोटं नव्हतं ते. पण गाडी बंद कशानं पडली, हे मी कुणाला सांगत नव्हतो.

गाडी पोराची. एकुलता एक पोरगा. पुण्याला कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो. नोकरीला लागल्यापासून त्याचा जीव एकाच मोटारसायकलीवर. ती परदेशात बनते आणि आपल्याकडं मोजून येते. नाव नोंदवून अकरा महिने थांबला. काळी पाहिजे होती. शोरूमवाले म्हणाले, काळी यंदा आपल्या देशात येणारच नाही, राखाडी आहे ती घ्या, नाहीतर पुढच्या साली बघू. त्यानं राखाडी घेतली.

मी म्हणालो, "अरे, बैल घेताना सुद्धा आपण रंग बघतो."

तर म्हणाला, "आबा, मिळाली हेच लई झालं."

मला ते तेव्हाच खटकलं होतं. आपण घेणारे असून हात जोडून उभं राहायचं, ही कसली खरेदी.

वर्ष झालं नाही तोवर कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी परदेशात पाठवलं. सुनेला घेऊन गेला. गाडी कुठं ठेवायची? तो ती चालवत गावी घेऊन आला. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. त्याच साली गुडघे गेले म्हणून मी बैल विकून टाकले होते, शेत आता ट्रॅक्टर नांगरतो, त्यामुळं गोठा मोकळाच होता. बैलांच्या जागेवरच ती उभी केली.

जाताना सांगून गेला, "आठवड्यातून एकदा चालू करायची, दहा मिनिटं. धुवायची न्हाई. ओल्या फडक्यानं पुसायची. काही झालंच तर आधी मला फोन करायचा."

मी म्हणालो, "मला शिकवतूस व्हय? अर्ध्या गावाची जनावरं सांभाळलीत मी."

तेही खरंच होतं. दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने घराला कुलूप. त्यांची मागं राहिलेली गाय, शेळी, वासरू मी सांभाळायचो. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, पण माझ्या हातात जनावर देऊन गेलेल्या माणसाला तिकडं फडात झोप लागायची. माझी कमाई म्हणाल तर एवढीच.

सहा महिने ती गाडी मी सांभाळली. दर रविवारी सकाळी चालू करायचो. गोठ्याचे पत्रे थरथरायचे. मग श्रावण सरत आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलांना नदीवर नेऊन अंघोळ घालायची, मग जू ज्या खांद्यावर बसतं तो खांदा तूप-हळदीनं चोळायचा, आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. साठ वर्षांत ती चुकली नव्हती. त्या दिवशी दुपारपासून गावातली राहिलेली चार-पाच बैलजोड्या माझ्या दारावरून नदीकडं गेल्या. एकेक धनी मला विचारून गेला, "काय आबा, यंदा बसून?"

चौथ्यानं विचारलं तेव्हा मी उठलो. गोठ्यातून गाडी ढकलत बाहेर काढली.

आमची मंडळी ओट्यावर होती. म्हणाली, "अवं, कुठं निघालाव? ती लोखंडाची हाय."

"लोखंडाची असली म्हणून काय, दावणीला हाय न्हवं?"

"पोरगं न्हाई म्हणलंय पाण्याला."

"पोरगं काल जलमलंय," मी म्हणालो.

उतार होता, गाडी आपसूक गेली. नदीच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभी केली. सीट किल्लीनं निघते, तीही काढली, कारण अंघोळ घालायची तर अर्धी घालायची नाही. सीटखाली वायरी होत्या, एक काळी डबी होती. वर धूळ साचलेली. मी बादलीनं पाणी ओतलं, चांगल्या चार-पाच बादल्या. मग नदीवरच्या दोन पोरांचा हात लावून चढावरनं घरी आणली आणि हँडलखाली जिथं मान वळते तिथं, दोन्ही बाजूंनी, तूप-हळद चोळली. तिथूनही वायरी जात होत्या. आवतणाचे बोल मात्र मी म्हटले नाहीत. एवढं डोकं ठिकाणावर होतं.

दुसऱ्या दिवशी बैल मारुतीला फिरवून आणतात तेव्हा आपणही गाडी काढायची, असं मनात होतं. बटण दाबलं. काही नाही. दिवासुद्धा नाही. मी तासभर तिथंच बसलो होतो.

नांदूरघाटला माझा एक जुना मित्र आहे, मिस्त्री. मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा. पन्नास वर्षं पाना हातात. पाण्याच्या इंजिनापासून फटफटीपर्यंत त्यानं उघडलं नाही असं काही नाही. तो आला, सीट काढली, डबीकडं बघितलं. त्याच्या पिशवीतला एकही पाना तिथल्या बोल्टाला बसला नाही. चांदणीच्या आकाराचे बोल्ट होते.

"हिला कॉम्प्युटर लावून बघावं लागतंय," तो म्हणाला. "आपल्याकडं कुठं? पानी लागलं का रे हिला?"

"न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. हँडलखाली बोट फिरवलं, बोटाला पिवळं लागलं, ते पायजम्याला पुसलं.

पोराला मी कळवलं नाही. आधी दुरुस्त करू, मग सांगायची गरजच पडणार नाही, असा माझा हिशोब. मग सुरू झालं ते शोरूमचं. कागदावर जो जवळचा पत्ता होता तो संभाजीनगरचा. फोन लावला तर बाई मशिनीतून बोलायची, इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. मराठीला बटणच नव्हतं. मग मी एसटीनं गेलो. त्या पत्त्यावर सोफे विकत होते. सोफेवाला म्हणाला, "ते कधीच गेले काका. तुम्ही ह्या महिन्यातले तिसरे." आता पुण्याशिवाय त्या गाडीला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं.

पिकअप केला. गाडीला चारी बाजूंनी दोर बांधले. मिस्त्री सोबत आला, मी न सांगता.

पुण्याचं शोरूम म्हणजे दवाखान्यासारखं थंड. टेबलावर एक मुलगी होती, चांगली बोलली, पाणी दिलं. आत गाडी तपासली आणि तिनं सांगितलं, काळी डबी गेली. ती इथं मिळत नाही. तिकडच्या कंपनीतून येणार.

"किती दिस?"

"सहा आठवडे, अंकल. कदाचित जास्त."

शेजारी नगरचा एक माणूस बसलेला. तो हसला. म्हणाला, "काका, मी पाच महिने एका आरशासाठी येतोय. आरशासाठी!"

माझं टाळकं फिरलं. म्हणालो, "पोरी, बैलाचा नाल पडला तर गावात नालबंद असतोय. तुमी एवढी भारी गाडी इकता, आन एक डबी ठिवत न्हाई? तुमी इकायला बसलाव का सांभाळायला?"

ती म्हणाली, "अंकल, आम्ही फक्त ऑर्डर टाकतो. गाड्या किती येणार, सामान किती येणार, ते तिकडं ठरतं."

तिची चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्याची चूक होती तो समुद्रापलीकडं बसलेला. त्याला बोलायचं तर कसं बोलायचं? ह्या गाड्यांचं तेच आहे. घेताना माणसं चहा पाजतात, आणि मोडल्यावर माणूसच सापडत नाही.

मग तिनं एक फॉर्म काढला. म्हणाली, गाडीची गॅरंटी अजून आहे. डबी आपोआप गेली असेल तर कंपनी फुकट देईल, जुनी डबी तिकडं तपासायला जाईल. तिनं एकेक वाचून विचारलं. गाडी पडली होती का? नाही. कुणी बाहेर उघडली का? नाही. गाडीत पाणी शिरलं का?

मिस्त्री माझ्या मागं उभा होता.

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं टिक केली. मी खाली मराठीत सही केली.

येताना मांजरसुंब्याच्या घाटाअलीकडं आम्ही चहाला थांबलो. मिस्त्री बशीत फुंकर मारत होता. म्हणाला, "खोटं कावून बोललास बे?"

"तू तुजं बघ."

"मी माजंच बघतोय. माजी शेळी तुज्याकडं मेलती, आठवतंय का? मी तवा भिवंडीला गेलतो."

मला आठवत होतं. सांभाळायला दिलेलं जनावर मेलं तर धन्याची खूण असलेला त्याचा कान कापून ठेवायचा, आणि धनी आला की त्यानं विचारायच्या आधी त्याच्या पुढ्यात ठेवायचा. म्हणजे आपण विकून खाल्लं नाही, हे त्याला दिसतं. कशानं मेलं तेही सांगायचं. चूक आपली असली तरी.

"मी एष्टीतनं उतरलो तर तू स्टँडावर उभा," मिस्त्री म्हणाला. "फडक्यात कान. म्हणलास, ज्वारीचा कवळा कोंब खाल्ला तिनं, त्याचं ईख झालं, माजी नजर चुकली. मी घरी बी गेलो नव्हतो तवा. शेळीचं मला काय वाटलं न्हाई बे. पर त्या दिवसापसनं मी माजी चावी सुदा तुज्याकडं ठिवतो."

"शेळी येगळी."

"व्हय. शेळी माजी होती. गाडी तुज्या पोराची हाय."

मी चहा तसाच ठेवून पिकअपमध्ये जाऊन बसलो. त्यानंतर तीन-चार महिने मी नांदूरघाटच्या बाजारला गेलो तरी त्याच्या दुकानापुढून गेलो नाही.

सहा आठवड्यांचे तीन महिने झाले. मी दर सोमवारी फोन करायचो. "डबी तिकडं पोहोचली." "तपासणी चालू आहे." "तिकडं सुट्ट्या आहेत." एकदा तर म्हणाले, हे मॉडेलच आता आपल्याकडं यायचं बंद होणार आहे, पण तुम्ही काळजी करू नका. मी सगळ्या गावाला शोरूमच्या नावानं शिव्या घालून दाखवायचो. शिव्या खऱ्याच होत्या. त्याच्याआड उभं राहणं सोपं होतं.

आणि दर रविवारी संध्याकाळी पोराचा फोन. "आबा, गाडी चालू करता ना?" "करतो की." असे किती रविवार झाले असतील, मी मोजलं नाही.

माघ महिन्यात एका सोमवारी शोरूमच्या मुलीनंच फोन केला. आनंदानं म्हणाली, "अंकल, कंपनीनं मान्य केलं. डबी फुकट येणार. आता फक्त पाठवायची राहिली." म्हणजे माझं खोटं पचलं होतं. मंडळीला सांगितलं. ती चुलीपुढं होती, मागं वळली नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

त्या रविवारी पोराचा फोन आला तो जरा वेगळा. तिकडं बर्फ पडत होतं म्हणे, चार दिवस कुणी घराबाहेर पडलं नव्हतं. आवाज पडलेला. म्हणाला, "आबा, एक काम करा. फोन घेऊन गोठ्यात जा आन गाडी चालू करा. मला नुसता आवाज ऐकायचाय."

मी फोन घेऊन खरंच गोठ्यात गेलो. का गेलो माहीत नाही. रिकाम्या गोठ्यात उभा राहिलो. पेट्रोल संपलंय म्हणावं, हे तोंडापर्यंत आलं होतं. मंडळी दारात येऊन उभी राहिलेली. ती काही बोलली असती तर मी कदाचित तेच म्हटलं असतं, हट्टानं.

मी म्हणालो, "गाडी हितं न्हाई."

मग सगळं सांगितलं. नदी, बादल्या, सीट, तूप-हळद. पिकअप. फॉर्म. "पोळ्यापसनं बंद हाय," म्हणालो. "माज्या हातनं मेली ती. तुला दर रविवारी खोटं सांगितलं."

मी गव्हाणीच्या कडेवर बसलो.

"फॉर्मवर काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"पाणी शिरलं न्हाई म्हणून."

"सही तुमची?"

"माजी."

"मग ते खोडून या."

"अरे, मान्य झालंय आता. डबी फुकट येतीया."

"आबा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं झालं असतं. "माझ्या नावावर हाय ती गाडी. खोडून या." आणि फोन ठेवला.

मंगळवारी मी पुण्याला गेलो. मुलीनं ओळखलं, पाणी दिलं. मी फॉर्म मागितला. टिक केली होती ती जागा तिनं दाखवली. मी तिच्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, पाणी मी घातलं, पाच बादल्या, वर हळद तूप. अक्षर वाकडं आलं. तिनं दोनदा वाचलं.

"अंकल, हे कशाला? झालं होतं ना सगळं."

"तुमच्यासाठी न्हाई लिवलं."

तिनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. बाहेर येऊन म्हणाली, आता ही मंजुरी रद्द होणार. नवी ऑर्डर पहिल्यापासून टाकावी लागेल. आणि मॉडेल बंद होतंय, तेव्हा डबी कधी येईल, येईल का, हे तिला सांगता येत नाही. मी म्हणालो, "टाका ऑर्डर." मग तिला म्हणालो, एकदा बघू द्या. तिनं मागं नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, सगळ्या कशाची ना कशाची वाट बघत. आमची भिंतीच्या कडेला. प्लास्टिक टाकलेलं होतं. मी हात लावला नाही.

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. मंडळी संध्याकाळी फोन जवळ घेऊन बसायची आणि मग उचलून खुंटीवरच्या पिशवीत ठेवायची. मी मध्ये नांदूरघाटला गेलो, मिस्त्रीच्या दुकानात बसलो. त्यानं स्टूल सरकवलं. "काय बे म्हाताऱ्या," म्हणाला, "वाट चुकलास का?"

तिसऱ्या रविवारी फोन आला. मी उचलला.

"मग?" पोरानं विचारलं.

"खोडलं."

"बरं." मग थोडं थांबून म्हणाला, "आईला द्या."

मी फोन तिच्याकडं दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून तिचा आवाज येत होता. ती त्याला तिकडच्या थंडीचं विचारत होती.