तिसऱ्या खंडाची बंद पाने

या सदरातले अनुभव मी आजवर त्यांतल्या चुका शोधण्यासाठीच वाचत आले. कुणाला सावली दिसली, तर दिवा कुठे होता हे आधी पाहायचे, अशी माझी सवय. प्राणिशास्त्र हा माझा विषय. जे ट्रेमध्ये टाचणीने टोचून ठेवता येत नाही त्यावर मत देऊ नये असे मी मानत होते... अजूनही मानते. म्हणूनच पुढचे लिहिताना अवघडल्यासारखे होत आहे.

१९५९ च्या सुमारास मी यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. आमचे इंग्रजीचे सर रविवारी दुपारी एक वाचनमंडळ चालवत. अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नव्हता. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्या मोठ्याने वाचायच्या, अडेल तिथे मराठीत बोलायचे, एवढेच. पुढे संशोधन करायचे तर इंग्रजी पक्के हवे, म्हणून मी जात असे. माझी मैत्रीण कुसुम मात्र गोष्टीसाठी येई.

कुसुम घाटंजीची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला; कॉलेजात आलेली त्या घरातली ती पहिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि त्या रिकाम्या फळीवर तिची पुस्तके मांडली.

सरांना एका जुन्या बंगल्याच्या लिलावात तीन खंडांची एक कादंबरी मिळाली होती. घड्याळजीची मुलगी, तिच्याशी लग्न ठरवून समुद्रावर गेलेला तरुण, आणि तिचे वाट पाहणे. तिसरा खंड कोणी कधी वाचलेलाच नव्हता. तशा जुन्या पुस्तकांची पाने कडा न कापता घडीतच शिवलेली असत. वाचणाऱ्याने ती कापत पुढे जायचे. चिरफाडीचे स्काल्पेल माझ्याकडे होते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. त्या रविवारी वाचायची तेवढीच पाने कापायची, पुढचे कोणी पाहायचे नाही, असा नियम होता.

"चिरा ना बाई लवकर," रफीक म्हणे. तो आमच्या मंडळातला, कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. "बेंडूक थोडीच आहे, पळून जाईल."

"तुह्यापेक्षा बेंडूक बरा," कुसुम म्हणे. "चिरताना चूप त राह्यते."

दिवाळीनंतर तिचा हृदयाच्या झडपेचा जुना आजार बळावला आणि ती घरी गेली. दोष नेमका कुठे आहे हे मी तिला आकृती काढून समजावले होते. तिने ती बराच वेळ पाहिली. "म्हणजे दरवाजा नीट लागत नाही, एवढंच ना?" ती म्हणाली. एवढेच होते. पण डॉक्टरांनी तिच्या वडिलांना आता फार दिवस नाहीत असे सांगितले होते, आणि ते तिला कळले होते.

मग दर आठवड्याला एसटीने घाटंजीला जाऊन मीच तिला वाचलेला भाग सांगू लागले. ती डोळे मिटून ऐके. मी श्वास घ्यायला थांबले की म्हणे, "मग?"

शेवटच्या भेटीत तिने माझे मनगट धरून ठेवले.

"शेवट झाला की लगेच येजो, नलू. चिठ्ठी नको पाठवू. तूच सांगजो."

"आणि तो परत आलाच नाही तर?"

"तरी सांगजो. मले त्या पोरीसारखं वाट पाहत नको ठेवू."

पुढच्या रविवारी शेवटच्या घड्या मी कापल्या, सरांनी शेवट वाचला. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघाले. घरासमोर माणसे बसली होती... कुसुम शनिवारी दिवस मावळताना गेली होती.

तिच्या आईने मला जवळ घेतले. बराच वेळ आम्ही दोघी रडलो. मग ती म्हणाली, "शनिवारी चहा न घेताच गेली तू, पोरी. मी दोन कप घेऊन आली, त तू नाही."

"मावशी, शनिवारी मी आले नव्हते."

"आलती ना. मी चुलीपाशी होती. कुसुम म्हणे, आली व्हय, बस. मग तिचं आपलं चालू — मग? मग? मी चहा आणला त म्हणे, नलूची गाडी होती, गेली ते. गोष्ट संपली, माय."

शनिवारी दुपारभर मी यवतमाळला प्रॅक्टिकलमध्ये होते. शेवटची पाने तर तेव्हा कापलीही नव्हती.

"मलेही सांगितली तिनं," आई पुढे म्हणाली. "तो आला म्हणे, पण थांबला नाही. कोणाची तरी बारकी पोरगी होती त्याच्यासंग, तिले ठेवून गेला. एकाच पायात बूट होता म्हणे तिच्या. मग घड्याळवाल्याच्या पोरीनं तिचा उघडा पाय मांडीवर घेतला अन् पदरानं पुसला. अशीच व्हय ना गोष्ट?"

पुस्तकात पदर नव्हता, ॲप्रन होता. बाकी सारे तसेच.

"हो मावशी," मी म्हणाले. "अशीच."

तिने पुन्हा चहा ठेवला. "आता त पी," म्हणाली. मी प्याले.

तेव्हापासून मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. प्राणवायू कमी पडला की रोग्याला माणसे दिसतात. पाहुणी त्यातून समजते, बूट समजत नाही. न कापलेल्या घडीत खालून डोकावता येते, हेही मी तशाच दुसऱ्या पुस्तकावर करून पाहिले. कडेच्या काही ओळी दिसतात. पण त्या मुलीचा प्रसंग अगदी आतल्या पानांवर होता, पुस्तक सरांच्या कपाटात होते आणि कुसुम दिवाळीनंतर यवतमाळला आलीच नव्हती. तो नायक परतेल किंवा बुडेल, एवढाच अंदाज आम्ही सगळ्यांनी बांधला होता. ती लहान मुलगी कुणाच्याच मनात आली नव्हती.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आता मी त्याच्या मागेही फारशी लागत नाही. मला वेगळेच सलते. शेवट ऐकून तिचा चेहरा कसा झाला, ती हसली की गप्प राहिली, यातले मला काहीच ठाऊक नाही. त्या दुपारी तिच्याजवळ जी कोणी बसली होती, तिला ते ठाऊक असेल. ती माझ्या नावाने आली होती, आणि मी तिथे नव्हते.