पगारपत्रकातला पहिला कर्मचारी

आमच्या जयसिंगरावांचा इंदूरला बडा गणपतीच्या मंदिराजवळ अगरबत्तीचा कारखाना. पणजोबा होळकरी फौजेत होते, त्यामुळे मिशी खानदानी. कारभार मात्र पंधरा-वीस माणसांचा. मी गावच्या शाळेत पाटी पुसत शिकलेला. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण त्या दिवशी चहाला म्हणून गेलो आणि असला तमाशा पाहिला की काय सांगू!

त्यांच्या आजोबांनी कारखान्याच्या पगारपत्रकावर पहिलं नाव घातलं श्रीगणपतीचं. नुसतं नाव नाही हो, पगारासकट! आणि दंडक असा, की गणपतीपेक्षा जास्त पगार कुणाला नाही. मॅनेजरला वाढ मिळाली की देवालाही आपोआप वाढ. त्या पगाराचे दर महिन्याला लाडू होतात, कामगार घरी नेतात. सगळे खूश.

आता सरकारी नियम असा, की कुणाला किती पगार दिला, किती टॅक्स कापला, याचं रिटर्न मालकानं ऑनलाइन भरायचं. ते गेल्याशिवाय नोकरांना फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, मिळत नाही. आधी अरविंद वकील हे काम करत आणि देवाची ओळ गुपचूप गाळत. ते मुलाकडे राहायला गेले, आणि काम आलं पंचशीलवर. हा आपला महूचा पोरगा, कारखान्याचा हिशेब बघतो. त्याला राऊला फ्लॅट घ्यायचा होता. बँक म्हणे, फॉर्म सोळा आणा. बिल्डर म्हणे, या महिन्यात कर्ज नाही झालं तर फ्लॅट दुसऱ्याला. म्हणून बिचारा घाई करत होता.

पण जयसिंगराव शेजारी खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, “एकेक नाव वाचून दाखव.”

पंचशील पहिल्याच ओळीवर अडला. “काकासाहेब, ह्यांचा पॅन नंबर?”

“कुणाचा?”

“गणपतीचा.”

“अरे भिया, देवाला काय पॅन मागतोस?”

“मी नाही, सॉफ्टवेअर मागतंय. पॅन नसला तर वीस टक्के टॅक्स कापावा लागेल.”

जयसिंगरावांची मिशी थरथरली. “गणपतीचा टॅक्स कापू? मग मरताना मी कोणतं तोंड घेऊन वर जाऊ?”

“तर मग नाव काढू का?”

“तीन पिढ्यांत देवाला कुणी नोकरीवरून काढलं नाही!”

मी म्हटलं, “जयसिंगराव, रिटायर करा. वयही झालंय.”

“पेन्शन दिली तरी रिटर्नमध्ये पगारच धरतात, आजोबा,” पंचशील कपाळाला हात लावून म्हणाला. “आणि जन्मतारीख काय लिहू?”

एवढ्यात लक्ष्मीवहिनी चहा घेऊन आल्या. पंचशीलचा चेहरा बघून विचारलं, “काय रे, फ्लॅट गेला का?”

“जाईल, काकी. देव अडून बसलेत.”

सगळा किस्सा ऐकून वहिनी हसल्या नाहीत. कप खाली ठेवला आणि विचारलं, “पंचशील, ह्यांचा स्वतःचा पगार कुठं लिहिलाय?”

“काकासाहेबांचा? मालकाला पगार नसतो, काकी. मालकाचं नाव ह्या यादीत येतच नाही.”

“ऐकलंत?” वहिनी नवऱ्याकडे वळल्या. “तीन पिढ्या देवाला नोकर करून ठेवलंय तुम्ही. वर महिना संपला की पगार देता, मोठे आले! तो मालक आहे. मालकाचं नाव यादीत कशाला?”

जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, “मग लाडू?”

“लाडू मालकाच्या घरून येतील. म्हणजे माझ्या हातचे.”

“गजब बाई आहे,” असं माझ्या कानात पुटपुटून त्यांनी मान हलवली. पंचशीलनं क्षणात ओळ काढली, बाकी नावं भराभर वाचली. शेवटी मालकाच्या मोबाइलवर ओटीपी आला. जयसिंगरावांनी चपला काढल्या, टोपी घातली, मंदिराच्या दिशेनं तोंड केलं आणि मंत्र म्हणावा तसा एकेक आकडा उच्चारला.

“झालं! गेलं रिटर्न!” पंचशील खुर्चीतून उडालाच. तिथूनच बायकोला फोन लावला. “पिंकी, बिल्डरला सांग, फ्लॅट आपलाच. फॉर्म सोळा येतोय.”

पलीकडून पिंकी एवढ्या जोरात बोलली की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, “मी त्याला सकाळीच सांगून टाकलंय. तू येताना पडद्यांचं माप घेऊन ये!”